मागे चार चाकं कशाला?

प्रश्न : मुलाकडे टेक्सासला आलेय. इथल्या काही पिकअपना मागे चार चाकं असतात, मडगार्डही फुगलेले. का?

उत्तर : ताई, घोड्यांचे, गुरांचे जड ट्रेलर ओढायला. फोर्ड एफ-३५०, रॅम ३५०० यांत ही जोडचाकं मिळतात. अशा ट्रेलरचा हूक हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बसतो. तो भार चार टायर वाटून घेतात, वाऱ्यात गाडी कमी डुलते. एक फुटला तर शेजारचा तोल सावरतो.

जन्मभर टायरचं काम केलंय, म्हणून कळकळीनं सांगतो: आतल्या टायरची हवा तपासायला लावा! बाहेरून तो दिसत नाही. त्यात हवा कमी झाली की बाहेरचा एकटा भार ओढतो, तापतो. दोन्हींमध्ये अडकलेला दगडही काढायचा. ट्रेलर नसेल तर मुलानं ही गाडी घेऊ नये. रिकामी असताना चिखलात घसरते, शिवाय मागे आठ फूट रुंद.