फायबरच्या विमानात पेट्रोल भरताना ठिणगी पडू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका शेडमध्ये दोन आसनी, पूर्ण ग्लास फायबरचं विमान बांधून होत आलंय. इंजिन रोटॅक्स ९१२. पंखांतल्या टाक्याही फायबरच्याच. डावी बंद झाली आहे, उजवीवरचा पंखाचा वरचा भाग अजून चिकटवायचा आहे. दुपारच्या कोरड्या हवेत टाकीच्या झाकणाला हात लावला की बारीक झटका बसतो. शेपटीखाली साखळी सोडली आणि जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोकला तर भागेल का?

नाही भागणार. ॲल्युमिनियमच्या विमानात पत्रा पत्र्याला रिव्हेटने जोडलेला असतो, म्हणून एक्झॉस्टला अर्थिंगचा चिमटा लावला तरी टाकीचं तोंड त्याच विद्युत पातळीवर (व्होल्टेजवर) येतं. फायबर वीज नेत नाही. तुमच्या पंखात फिलर नेक (टाकीचं भरायचं तोंड), खालचा ड्रेन व्हॉल्व्ह, इंजिनकडे जाणाऱ्या लाइनची जाळी आणि पेट्रोलच्या पातळीचा सेन्सर ही धातूची चार सुटी बेटं आहेत. शेपटीच्या साखळीने यातल्या एकाचाही चार्ज उतरत नाही. टायरच्या रबरातल्या कार्बनवरही विसंबू नका; चाकाचा पायच फायबरचा असेल तर टायरपर्यंत वाटच नाही.

तो झटका हलक्यात घेऊ नका. माणसाला झटका जाणवतो तो साधारण दोन-तीन हजार व्होल्टच्या पुढे. पेट्रोलची वाफ आणि हवा योग्य प्रमाणात मिसळली असेल तर पेट घ्यायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. माणसाच्या शरीराची चार्ज साठवण्याची क्षमता १५० पिकोफॅरॅड धरली आणि ५,००० व्होल्ट, तर जवळपास १.९ मिलिज्यूल होतात. एकटं पडलेलं फिलर नेक २० पिकोफॅरॅडचं आणि १०,००० व्होल्टला गेलं, तर १ मिलिज्यूल. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असते तेव्हाच पेटते. आपल्याकडच्या उन्हात टाकीच्या आत बहुधा त्यापेक्षा जास्त वाफ असते. तोंडाशी मात्र हवा मिसळून नेमकं पेटणारं मिश्रण तयार होतं. म्हणजे ठिणगी पडण्याची जागा आणि वाफेची जागा एकच आहे.

चार्ज येतो कुठून? पेट्रोल पाइपमधून वाहताना घासतं, त्यातच तयार होतो. बारीक फिल्टर असेल तर कितीतरी पटीने वाढतो. मग हा चार्ज घेऊन पेट्रोल टाकीत पडतं. धातूच्या टाकीत तो भिंतीतून निघून जातो, फायबरच्या टाकीत पृष्ठभागावर साचून राहतो आणि नेकच्या कडेकडे उडी मारायला बघतो. म्हणून नुसतं नेक जोडून काम अर्धंच होतं, आतल्या पेट्रोललाही धातूचा स्पर्श हवा.

उजवी टाकी उघडी आहे हे उत्तम. नेकपासून तळापर्यंत ॲल्युमिनियमची पट्टी किंवा स्टेनलेसची तार आणा आणि ती ड्रेन व्हॉल्व्ह व बाहेर जाणाऱ्या लाइनच्या जाळीला स्क्रूने पक्की करा. आत उघडं तांबं वापरू नका. तांब्यामुळे पेट्रोलमध्ये डिंकासारखा चिकट गाळ लवकर धरतो. सेन्सर कपॅसिटिव्ह (विजेची साठवण मोजून पेट्रोल किती ते सांगणारा) असेल तर त्याचा फक्त बाहेरचा फ्लँज (बसवायची कडा) जोडा, आतल्या नळीला पट्टीचा स्पर्श होऊ देऊ नका, नाहीतर पातळी चुकीची दाखवेल. रेझिन लावण्याआधी जोडाच्या जागी मास्किंग टेप लावा. रेझिनचा एक थर मध्ये आला की जोड दिसायला छान असतो आणि वीज नेत नाही.

डाव्या टाकीसाठी टाकी फोडायची गरज नाही. नेकच्या आतल्या बाजूला छोटा स्क्रू घ्या, त्याला स्टेनलेसची तार बांधून तळाशी टेकेल एवढी लांब सोडा. तार जाळीपर्यंत पोहोचून तिच्यात अडकणार नाही एवढं बघा. ड्रेन आणि लाइनची फिटिंग बाहेरून तारेने नेकला जोडा. यासाठी १ चौरस मिलिमीटरची बहुतारी वायर आणि रिंग थिंबल पुरतात. स्टॅटिकचा प्रवाह मायक्रोॲम्पियरमध्ये असतो, जाडी लागते ती फक्त कंपनाने तार तुटू नये म्हणून. शेवटी हे सगळं फायरवॉलवरच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीवरच्या) ग्राउंडच्या बोल्टला आणा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिलर नेक लेथवर करून घेत असाल तर कारागिराला आधीच सांगा: ॲनोडायझिंग नको. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा वरचा थर इन्सुलेटर असतो. नेक चकाचक दिसतं, चिमटा घट्ट बसतो आणि मल्टिमीटर अनंत रोध दाखवतो. करून झालं असेल तर संपर्काच्या जागा घासून उघड्या करा. गंज रोखायला क्रोमेट कन्व्हर्जनची प्रक्रिया चालते, ती वीज अडवत नाही. झाकणाची वेगळी तपासणी करा. ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) बसलेलं झाकण नेकपासून तुटलेलं असू शकतं. धातूची छोटी साखळी लावली की झाकण हरवतही नाही आणि जोडलेलंही राहतं.

बॉडी कार्बन फायबरची असती तरी हेच करावं लागलं असतं. कार्बन वीज नेतो, पण वरच्या रेझिनमुळे नीट स्पर्श होत नाही. शिवाय ॲल्युमिनियम कार्बनला थेट टेकलं की गंजतं म्हणून मध्ये ग्लासचा थर देतात, आणि त्याने नेक पुन्हा वेगळं पडतं.

आता बाहेरचा जोड. पंखाखाली, नेकपासून किमान १ मीटर लांब, पितळेचा किंवा स्टेनलेसचा एक स्टड काढा आणि आतून नेकच्या तारेला जोडा. रंग लावताना त्यावर टोपी घाला. चिमटा नेहमी इथेच लावायचा. व्होल्टेजमधला फरक मिटताना जी ठिणगी पडायची ती चिमटा टेकताना पडते, म्हणून ती तोंडापासून लांब आणि झाकण उघडायच्या आधी पडली पाहिजे.

मल्टिमीटरने स्टडपासून नेक, झाकण, ड्रेन आणि आतली पट्टी तपासा. स्टॅटिक उतरायला १ मेगाओहमच्या आतला रोधही चालतो, पण धातू-धातूचा जोड १० ओहमच्या वर दाखवत असेल तर तो सैल आहे किंवा गंजला आहे, उघडून नीट करा.

अर्थिंगच्या रॉडबद्दल: लावलात तर उत्तम, पण मुख्य काम त्याचं नाही. विमान, कॅन आणि तुम्ही एका विद्युत पातळीवर असणं हे पहिलं. मीठ-कोळशाचा खड्डा करत बसू नका, तो घरच्या लाइटच्या अर्थिंगला लागतो. इथे सव्वा मीटरचा जीआय रॉड पुरतो. उन्हाळ्यात माळावरचा मुरूम खडखडीत वाळतो, तेव्हा भरण्याआधी रॉडपाशी बादलीभर पाणी ओता.

भरताना सगळ्यात जास्त चुका कॅनवर होतात. प्लॅस्टिकचा कॅन नको, कारण त्याचा चार्ज उतरवायची सोयच नसते. धातूचा कॅन घ्या. पंपावर भरताना तो टेम्पोच्या हौद्यात रबर मॅटवर ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवा. परवान्याशिवाय पेट्रोल ठेवायचं तर एकूण ३० लिटरपर्यंत, आणि धातूचा एक कॅन २५ लिटरपेक्षा मोठा नको. नरसाळं धातूचं किंवा वीज नेणाऱ्या प्लॅस्टिकचं हवं. पेट्रोल गाळायला शॅमॉय (मऊ चामडं) किंवा सिंथेटिक कापड वापरू नका, ते चार्ज वाढवतं.

क्रम असा. इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, एक्झॉस्ट थंड. ६ किलोचा ड्राय केमिकल पावडरचा सिलिंडर वारा येतो त्या बाजूला, हाताशी. रॉड असेल तर आधी रॉडला जोडा, मग तारेचं दुसरं टोक स्टडला. कॅनची तारही स्टडलाच. उघडा हात स्टडवर दोन सेकंद ठेवा. मगच झाकण काढा. नरसाळं किंवा नोझल नेकला टेकवा आणि भरून होईपर्यंत उचलू नका. नळीचं टोक तळाजवळ न्या, वरून धार सोडू नका. टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. १९ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत हे मिनिटाला सुमारे १७ लिटर येतं, २५ मिलिमीटरच्या नळीत सुमारे २९. बारीक फिल्टर वापरत असाल तर त्याच्या पुढची नळी लांब ठेवा आणि पंप हळू चालवा, म्हणजे चार्जला टाकीत जाण्याआधी उतरायला वेळ मिळतो. भरून झाल्यावर एक मिनिट थांबून मगच मोजपट्टी घाला, तीही लाकडी. झाकण लावा, आणि मगच चिमटे काढा. बहुतेक लोक घाईत हा शेवटचा क्रम उलटा करतात.

कपड्यांबाबत एकच: सुती कपडे, नायलॉनचं जॅकेट नको. आणि भरण्याआधी कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) कोरड्या फडक्याने पुसू नका. ॲक्रिलिक पुसताना तुम्ही आणि कॅनोपी दोघंही चार्ज होता. पंखावरची धूळही ओल्या सुती फडक्यानेच काढा.

एक बाजूची पण महत्त्वाची गोष्ट: सध्या पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि रोटॅक्स ९१२ ला १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी आहे. इथेनॉलमुळे पेट्रोलमधला चार्ज लवकर उतरतो हे खरं, पण काही इपॉक्सी रेझिन त्यात मऊ पडतात. उजवी टाकी बंद करण्याआधी त्याच रेझिनचा तुकडा पूर्ण क्युअर करून काही आठवडे त्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा आणि नखाने दाबून बघा. इंधनाचा निर्णय या दोन्ही गोष्टी बघून घ्या.

तोंडाशी ज्वाळा उठलीच तर नोझल उपसून काढू नका, पेट्रोल सगळीकडे उडेल. प्रवाह बंद करा, मागे सरका, पावडर मारा.

पावसाळ्यात दमट हवेने चार्ज आपोआप उतरत राहतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. त्याच चार महिन्यांत चिमट्याखालचा धातू गंजतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी होण्याआधी, प्रत्येक जोड मल्टिमीटरने पुन्हा मोजा आणि आकडा लॉगबुकात लिहा.