तिचं दप्तर तिलाच भरू द्या

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. शाळेच्या खो-खो संघातून तिला वगळलं, तेव्हापासून ती सरावाला जात नाही, रोज सकाळी पोट दुखतंय म्हणते. मी सरांना भेटून विनंती करायचं म्हणते. ह्यांचं म्हणणं, 'रडूबाईसारखं करू नकोस, गुपचूप मैदानावर जा.' ती वही विसरली की मी ऑफिसला उशीर करून शाळेत नेऊन देते, त्यावरूनही आमचे खटके उडतात. घरात सासूबाई आहेत. नक्की कुणाचं बरोबर?
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, सरांकडे रदबदली करायला जाऊ नका. अशी मिळवलेली जागा तिला सुखानं खेळू देणार नाही. बाकीच्या मुलींना सगळं कळतं. जायचं तर तिनं. 'सर, मी कुठे कमी पडते?' एवढंच विचारायचं. घरी दोनदा तिच्याकडून म्हणून घ्या. खो द्यायला उशीर होतो, वळताना तोल जातो, असं काहीतरी सर सांगतील आणि त्यावर मेहनत करता येते.

पण आधी तिला पोटभर रडू द्या. यजमानांना हे आवर्जून वाचायला द्या. अकराव्या वर्षी संघातून नाव जाणं हे मोठंच दुःख आहे. 'रडूबाई' म्हटलं की मूल आपल्यासमोर रडायचं थांबतं आणि त्याचं पोट दुखू लागतं. ते दुखणं खोटं नसतं. तरी डॉक्टरांना दाखवून घ्या.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले : नुसते हुकूम सोडणारे, सगळं चालवून घेणारे, आणि माया नि शिस्त दोन्ही देणारे. तुम्ही दोघांनी पहिले दोन वाटून घेतलेत. तिसरा लेकीच्या वाट्याला येतच नाही, हे मला फार लागलं.

हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली अशांती अशा ओढगस्तीत वाढलेल्यांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुलं छान उभी राहिली. त्यांना निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं, कित्येकदा आजी-आजोबाच. शिवाय पुष्कळांवर घरातलं खरंखुरं काम होतं. तुमच्याकडे आजी आहेतच! संध्याकाळची भाजी आणणं त्या दोघींवर सोपवा, पैशांचा हिशेब नातीकडे.

राहता राहिली वही. ती नेऊन देणं बंद करा, पण तिला आधी सांगून. रात्री जेवणं झाली की वेळापत्रक समोर ठेवून दप्तर तिनं भरायचं. तुम्ही शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. पहिले काही दिवस विसरेल, बाई रागावतील. संध्याकाळी 'बघ, सांगत होते ना' हे तोंडावर आलं तरी गिळा. उद्या काय करशील, ते विचारा आणि ती सांगेल ते करू द्या. चष्मा किंवा औषध विसरली, तर मात्र ऑफिसला उशीर झाला तरी चालेल, नेऊन द्या.