स्कॉटिश खापरपणजोबांचं गाव

प्रश्न : माझी सून दरबानची. तिचे खापरपणजोबा 1890 च्या सुमारास स्कॉटलंडहून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीत आले, एवढंच घरात ठाऊक आहे. त्यांचं मूळ गाव कसं सापडेल? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, सूनबाईंना सांगा, आधी दक्षिण आफ्रिकाच धुंडाळायची. स्कॉटलंडमध्ये एकाच नावाची माणसं इतकी भेटतात की नुसत्या नावावर शोधणारा हमखास भलत्याच घरात शिरतो. नाताळची राजधानी असलेल्या पीटरमारिट्झबर्गच्या अभिलेखागारात मृतांच्या मालमत्तेच्या फायली आहेत. त्यातला ‘डेथ नोटीस’ हा कागद मला सोन्यासारखा वाटतो. जन्मस्थान, आईवडील, पत्नी, मुलं, सगळं एका पानावर. जन्मस्थानापुढे बऱ्याचदा नुसतं ‘स्कॉटलंड’ असतं, पण निराश होऊ नका. आईवडिलांची नावं जास्त मोलाची. अशा पुष्कळ फायली ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात.

मग ‘स्कॉटलंड्स पीपल’ हे सरकारी संकेतस्थळ. तिथली सक्तीची जन्मनोंद 1855 पासूनची, म्हणजे खापरपणजोबा बहुधा त्यात असणारच. नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. 1861 पासूनच्या नोंदींत तर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाणही. मूळ पानाचे पैसे पडतात, पण ते सत्कारणी लागतात.

आणि खापरपणजोबांच्या मुलांची नावं क्रमाने लिहून काढा. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव, अशी तिकडे रीत होती. सगळ्यांनी पाळली असं नाही, पण दोन सारख्या नोंदींतून आपली निवडताना तिचा फार आधार होतो.