सोलापुरात मेकरस्पेस काढायचीय, म्हणजे कुणालाही येऊन हत्यारं-मशीनं वापरत वस्तू बनवता येतील अशी सामायिक जागा. त्यात सगळ्यांना सामावून घ्यायला काय करावं?

सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते आधी ठरवा. थ्रीडी प्रिंटर कुठला घ्यायचा ते नंतर बघू.

माझी आत्या सोलापूरच्या पूर्वभागात जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्राची, कार्डं पाडते. ग्राफवरचे चौकोन वाचत पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोक असेल तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. नसेल तर खालीच. जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने हे 1804 साली आणलं, पुढे इंग्रज गणितज्ञ बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डं घेतली. एक भोक चुकलं की चादरीवरच्या मोराची मान वाकडी.

तिला एका प्रदर्शनात नेलं होतं. गेटवरून थेट ‘पारंपरिक कला’ लिहिलेल्या टेबलावर, चादरींच्या गठ्ठ्याशेजारी. पलीकडे अर्डुइनोवर, म्हणजे कोड लिहून चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डावर, एलईडी लुकलुकवणाऱ्या पोरांच्या छातीवर ‘मेकर’चे बिल्ले. आत्या उठून तिकडे गेली. "हे कधी पेटायचं, कुठं लिहिलंय?" पोराने कोड दाखवला. "म्हणजे कार्डच की!" पोरगं खुश, खुर्ची सरकवली. तेवढ्यात त्यांचे सर आले, "मावशी, हात लावू नका, महागाचं आहे."

नंतर माझं सरांशी वाजलं. "या बायकांना रस नसतो हो," हे त्यांचं म्हणणं, अजून तेच. कपड्यावर शिवता येणारा लिलिपॅड अर्डुइनो लिआ ब्यूकली या बाईंनी काढला. त्यांनीच 2013 साली या ‘मेकर’ चळवळीच्या प्रमुख अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठांवरची माणसं मोजली, तर 85 टक्के पुरुष आणि मुलगे. बायकांना रस नव्हता म्हणे!

तुमच्यापुरतं सांगायचं तर इंग्रजी फॉर्म बंद करा. तेलुगू, कन्नड बोलणारं माणूस ठेवा. दहा ते पाच उघडी ठेवलीत तर विडी वळणाऱ्या बायका येणार नाहीत, तेव्हा त्यांची मजुरी चालू असते. संध्याकाळी पोराबाळांसकट येऊ द्या. शिकवायला लूमचे जॉबर (माग लावणारे-दुरुस्त करणारे), कार्ड पाडणाऱ्या, शिलाईवाल्या बोलवा, रोख पैसे देऊन. शाल-नारळावर भागवू नका.

हां, दार उघडं म्हणजे मशीन मोकळं असं नाही. लेसर कटरवर कुणी पीव्हीसीचं रेक्झिन ठेवलं तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो. फुप्फुसं आणि मशीन, दोन्हींची वाट. त्यामुळे तेवढं प्रशिक्षण सक्तीचं ठेवा. सगळ्यांना, सरांनासुद्धा.