डिस्चार्ज मिळाला, आता पुढे कोणाला विचारायचं?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी धायरीत राहतो, आई-बाबा गावी, भोर तालुक्यात. दोन महिन्यांपूर्वी आईला हार्ट अटॅक आला, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात महात्मा फुले योजनेतून स्टेंट टाकला, सगळं नीट झालं. आता ती गावी आहे. तिथल्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद केली, म्हणाले एक पुरे. बीपीची जुनी गोळी आरोग्य केंद्रातून मिळते ती चालूच आहे, आणि आता पाय सुजतात, चक्कर येते. पुण्यात फोन केला तर म्हणतात पेशंट घेऊन या, गावात म्हणतात पुण्यालाच विचारा. आम्ही नक्की कोणाचं ऐकायचं?
— एक वाचक, धायरी

उत्तर: आधी तातडीचं सांगते. स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर देतात, किती दिवस ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. मधेच बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. म्हणून आजच ज्यांनी स्टेंट टाकला त्यांच्या युनिटला फोन करा आणि 'पेशंट कसा आहे' वगैरे न सांगता थेट विचारा, ही गोळी बंद केलीये, चालेल का. छातीत दुखलं, दम लागला तर फोनाफोनी करत बसू नका, १०८ बोलवा.

आता सूज. आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एकत्र टेबलावर मांडा आणि मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडून खालचं बारीक नाव वाचा. आरोग्य केंद्रातली बीपीची गोळी बऱ्याचदा ॲमलोडिपिन असते, आणि हॉस्पिटलने दिलेल्या कॉम्बिनेशनच्या गोळीतही तीच असू शकते, मग नकळत डबल डोस जातो आणि त्याने पाय सुजतात, बीपी उतरून चक्कर येते. अर्थात हृदय कमजोर झाल्यामुळेही सूज येते, त्यामुळे स्वतःहून काही बंद करू नका, एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवाच.

तुमच्या गावातले डॉक्टर चुकीचे आहेत असं मला वाटत नाही, त्यांच्या हातात बहुतेक डिस्चार्ज कार्डच नव्हतं. आपल्याकडे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचं मोठं सरकारी रुग्णालय ससून अशी उतरंड कागदावर अगदी पक्की आहे, डोंगरी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र असं प्रमाणही ठरलेलं आहे. पेशंटला वर पाठवताना चिठ्ठी लिहितात. पण वरून खाली परत पाठवताना गावच्या डॉक्टरांच्या नावाने दोन ओळी कोणी लिहीत नाही, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण ऑपरेशन पाच दिवसांचं असतं आणि गोळ्या पुढे कित्येक वर्षं तो गावचाच डॉक्टर बघणार असतो. हे काम हॉस्पिटलचं आहे, नातेवाइकांचं नाही, पण ते होईपर्यंत तुम्हालाच करावं लागणार.

तर फॉलो-अपला गेलात की मागून घ्या: कोणती गोळी किती महिने, कोणती जुनी बंद, कोणती तपासणी कधी, आणि कशासाठी परत पुण्याला यायचं. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स गावच्या डॉक्टरांना आणि आरोग्य केंद्रात द्या, मूळ कागद घरीच. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, दर महिन्याला बीपी-साखर तिथे मोजून वहीत लिहून घ्या. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून ते व्हिडिओवर डॉक्टरांशी जोडूनही देतात, म्हणजे प्रत्येक शंकेला आईला एसटीत बसवून पुण्याला आणायला नको. महात्मा फुले योजनेत काही उपचारांसाठी फॉलो-अपचं वेगळं पॅकेज असतं, आईला लागू आहे का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा. आभा कार्ड, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्र काढा, १४ आकडी नंबर मिळतो, पण नुसतं काढल्याने रिपोर्ट आपोआप येत नाहीत, हॉस्पिटलने ते जोडावे लागतात, तोवर फाईल जपा.

प्रश्न: साध्या ताप-खोकल्याला थेट ससूनला गेलं तर चालतं का?
— एक वाचक, कोंढवा

उत्तर: चालतं, कोणी अडवत नाही. पण सकाळ ओपीडीच्या रांगेत जाते आणि खरोखर सिरियस माणूस तुमच्या मागे उभा असतो. आधी जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात जा, तीन दिवसांत ताप उतरला नाही तर परत तिथेच दाखवा, आणि पुढे पाठवलं तर केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे त्याच तपासण्या परत करायला लागणार नाहीत.