गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की स्टार्टच होत नाही, मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला. बदलू का?

लगेच नका बदलू. आधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो, आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी चेक करा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर फुल चार्ज आहे, 12 च्या खाली गेली असेल तर उतरलीय. मग जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या वायरी) लावून का होईना गाडी चालू करा आणि परत बघा, साधारण 13.8 ते 14.4 यायला पाहिजे, नाही आलं तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग) नाहीतर त्याचा बेल्ट दाखवून घ्या, कारण मग नवीन बॅटरी टाकली तरी तीच गत होणार.

टर्मिनलवर पांढरट-हिरवी पावडर साचलीय का तेही बघा. असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, वरून थोडं व्हॅसलीन. हे करताना मायनसची वायर आधी काढायची आणि लावताना सगळ्यात शेवटी, नाहीतर प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात, हे खरंच जपा.

माझा संशय मात्र बाहेरून बसवलेल्या डॅशकॅमवर किंवा म्युझिक सिस्टिमवर आहे, त्यांची वायर बऱ्याचदा डायरेक्ट बॅटरीवरून ओढलेली असते आणि गाडी बंद असली तरी करंट खात राहते. असं काही बसवलंय का? असेल तर कनेक्शन इग्निशनवर घ्यायला सांगा, म्हणजे चावी बंद केली की तेही बंद होईल, आणि फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा नको, वायरिंग जळतं.