सिस्को एसपीए११२ (साधा फोन इंटरनेटला जोडणारा अडॅप्टर): अमेरिकेतून नंबर फिरवल्यावर कॉल लागायला तीन-चार सेकंद का लागतात?

तुमच्या डायल प्लॅनमधल्या, म्हणजे कोणता नंबर कसा ओळखायचा हे अडॅप्टरला सांगणाऱ्या नियमांच्या ओळीतल्या, शेवटच्या 'एक्स एक्स टिंब' अशा मोकळ्या नियमामुळे. एक्स म्हणजे कोणताही एक आकडा आणि टिंब म्हणजे 'आणखी कितीही आकडे', त्यामुळे नंबर पूर्ण झाला तरी अडॅप्टर पुढच्या आकड्याची वाट पाहतो. ही वाट म्हणजे शॉर्ट टायमर, मूळ सेटिंगमध्ये 3 सेकंद. नंबर अर्धवट असेल तेव्हा लाँग टायमर चालतो, तो 10 सेकंदांचा.

उपाय नियमातच आहे: आकड्यांची संख्या ठरलेली असेल तिथे शेवटी 'एस शून्य' जोडा, म्हणजे शॉर्ट टायमर शून्य होऊन कॉल लगेच जातो. भारतासाठी ०११९१ (०११ हा अमेरिकेतून परदेशी फोनसाठीचा आकडा, ९१ भारताचा), मग एक्स दहा वेळा, मग एस शून्य. मोबाइल असो की एसटीडी कोडसह पुण्याचा लँडलाइन, ९१ नंतर आकडे दहाच. ९११ चा (अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर) नियमही असाच वेगळा लिहा. दोन नियमांच्या मधे उभी रेघ, सगळ्या नियमांभोवती कंस.

फोनवर चार वेळा स्टार दाबून ११०# केलं की आयपी पत्ता ऐकू येतो. तो ब्राउझरमध्ये उघडून व्हॉइस, लाइन १, डायल प्लॅन.

सात आकडी लोकल नियमाला मात्र एस शून्य लावू नका. दहा आकडी नंबर सातव्या आकड्यालाच तुटून भलतीकडे लागेल, आणि दोष फोन कंपनीला जाईल. ग्रँडस्ट्रीम या दुसऱ्या कंपनीच्या अडॅप्टरवर ही एस शून्यची युक्ती चालत नाही, तिथली नियमांची भाषा वेगळी आहे.